मामाच्या गावाला, टोकियोला : मुलांच्या सणाचे दिवस

ठाण्यातील बहुतेक शाळांना एप्रिल संपता संपता सुट्टी लागते आणि नेमक्या त्याच सुमारास जपानमध्ये ‘गोल्डन वीक’ सुरू होतो. २९ एप्रिलचा शोवा दिन, ३ मेचा संविधान दिन, ४ मेचा हरित दिन आणि ५ मेचा बालदिन अशा सुट्ट्या तेथे पाठोपाठ येतात. सारा देश घराबाहेर पडतो, गाड्यांना गर्दी होते आणि हॉटेलांचे दर चढतात. या आठवड्यात जपानला जाऊ नका, असेच सगळे जाणकार सांगतात. आम्ही आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन मुद्दाम याच आठवड्यात गेलो, आणि बरोबर लहान मुले असतील तर हाच काळ निवडावा, असे माझे ठाम मत झाले आहे. मात्र त्यासाठी क्योतो, ओसाका, हिरोशिमा असे सारे एका दमात पाहण्याचा हव्यास सोडून एका जागी मुक्काम करावा लागतो.

तो मुक्काम आम्हाला सोपा झाला, कारण माझा दादा आणि वहिनी टोकियोच्या एदोगावा भागात, निशि-कासाई येथे राहतात. उन्हाळ्याची सुट्टी मामाकडे घालवण्याचे सुख त्यामुळे आमच्या मुलांनाही मिळाले. संगणक क्षेत्रात काम करणारी असंख्य भारतीय कुटुंबे या वस्तीत राहतात. मूळचे आपल्या अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर निवडून आले, हे दादाने आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितले.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुले गॅलरीत गेली आणि समोरच्या इमारतीवर त्यांना मासे दिसले. कापडाचे, पोकळ, रंगवलेल्या खवल्यांचे ते कार्प मासे म्हणजे बालदिनासाठी लावायचे ‘कोइनोबोरी’. पूर्ण आकाराच्या खांबावर वरच्या टोकाला वाऱ्याने फिरणारे चक्र असते, त्याखाली रंगीत पट्ट्यांचा झोत आणि मग क्रमाने मोठा काळा मासा, त्याहून लहान तांबडा आणि त्याखाली निळे-हिरवे छोटे मासे. सर्वसाधारणपणे काळा वडिलांचा, तांबडा आईचा आणि उरलेले मुलांचे मानतात. गॅलरीत लावायचे संच अर्थातच लहान असतात, पण रचना तीच. माशाच्या तोंडाला कडे शिवलेले असते; वारा नसला की मासा काठीला चिकटून मुकाट लोंबतो, आणि वाऱ्याची झुळूक आली की आधी तोंड भरते, मग पोट फुगते आणि सर्वांत शेवटी शेपटी उचलली जाते. हा क्रम माझ्या मुलाने शोधून काढला आणि नंतर प्रत्येक झुळुकीला तो आम्हाला हाक मारून बोलावू लागला.

“मामी, आम्ही पण चार जण आहोत, मग आमचे चार मासे कुठे?” असे मुलीने विचारताच वहिनी दोघांना घेऊन बाजारात गेली आणि संध्याकाळी तिच्या गॅलरीतही मासे लागले. पीत नदीच्या धबधब्यावर प्रवाहाविरुद्ध चढून जाणारा कार्प अखेर ड्रॅगन होतो, या जुन्या चिनी कथेतून ही प्रथा आली आहे. टोकियो टॉवरची उंची ३३३ मीटर, म्हणून त्याच्या पायथ्याशी दरवर्षी ३३३ मासे लावतात. तेथेही आम्ही गेलो. टॉवरवर चढण्यासाठी मोठी रांग होती, ती आम्ही सोडून दिली आणि मुले माशांखालीच खेळली.

बालदिनाचा हा सण पूर्वी फक्त मुलग्यांचा होता. चांद्र पंचांगातील पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येणारा हा सण जपानने १८७३ मध्ये नवी कालगणना स्वीकारल्यावर ५ मे रोजी येऊन स्थिरावला. १९४८ च्या कायद्याने तो सर्व मुलांचा दिवस झाला. मुलांच्या व्यक्तिमत्त्वाचा मान राखावा, त्यांच्या सुखाची काळजी घ्यावी आणि आईविषयी कृतज्ञता बाळगावी, असा या सुट्टीचा हेतू त्या कायद्यात नमूद आहे. सरकारी सुट्टीच्या कायद्यात आईचा असा उल्लेख असावा, याचे मला फार अप्रूप वाटले. योद्ध्याचे शिरस्त्राण घरात मांडण्याची रीत मात्र अजूनही आहे. दादाने वर्तमानपत्राची घडी घालून तसे शिरस्त्राण केले, एक भाच्याला आणि एक भाचीला.

खाण्याची चिंता होती, कारण आम्ही शाकाहारी आहोत आणि तेथे साध्या भाजीच्या रश्शातही ‘दाशी’ म्हणजे सुक्या माशाचा अर्क असतो. वहिनीच्या स्वयंपाकघराने ती चिंता मिटवली. सणाचे ‘काशिवा-मोची’ मात्र आम्हाला निर्धास्त खाता आले. तांदळाच्या पिठाची मऊ पारी, आत गोड लाल चवळीसारख्या कडधान्याचे पुरण आणि वरून ओकचे पान. पान सोलून बाजूला ठेवायचे, थेट आपल्या पातोळीसारखे. या ओकची जुनी पाने नवी पालवी फुटेपर्यंत गळत नाहीत, म्हणून वंश चालत राहावा या इच्छेने तेच पान वापरतात.

परंतु या प्रवासातले माझे सर्वांत आवडते ठिकाण म्हणजे ५ मेच्या संध्याकाळचे सार्वजनिक स्नानगृह. त्या दिवशी तेथील कढत पाण्याच्या हौदात तलवारीसारख्या लांब हिरव्या पानांच्या जुड्या सोडतात आणि मुलांना त्यात न्हाऊ घालतात. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचे, मगच हौदात उतरायचे. मुलगा बाबा आणि मामाबरोबर पुरुषांकडे गेला. मी, वहिनी आणि मुलगी बायकांकडे गेलो. मी एक पान हातात घेऊन चुरगाळले आणि तो उग्र, ओळखीचा वास आला. ते वेखंड होते. दिसायला अशाच पानांचे, दुकानात निळी फुले घेऊन उभे असते ते आयरिसचे शोभेचे झाड वेगळे. स्नानाचे हे पान आपल्याच वेखंडाच्या कुळातले. आपण त्याचे मूळ वापरतो, ते लोक पाने वापरतात. माझ्या दोन्ही बाळांसाठी आईने सहाणेवर वेखंड उगाळले होते, त्यांच्या न्हाण्यानंतर त्याची पूड लावली होती, आणि इतक्या दूरच्या देशात लेकरांना रोगराईपासून जपण्यासाठी त्याच वनस्पतीकडे पाहिले जाते, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ पाण्यातच बसून राहिले. शेजारच्या एका आजींनी एक पान माझ्या मुलीच्या कपाळाभोवती बांधले. त्याने मुले हुशार होतात, असे त्यांचे म्हणणे वहिनीने आम्हाला सांगितले.

ठाणे-नवी मुंबईतून कोणी मुलांसह या दिवसांत जाणार असेल, तर राहण्याची जागा फार आधी ठरवावी आणि लांबचा रेल्वेप्रवास गोल्डन वीकच्या बाहेर ठेवावा. तेथे रेल्वेत सहा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत सहसा तिकीट लागत नाही आणि सहा ते अकरा वयाला अर्धे भाडे पडते, त्यामुळे शहरातील फिरणे खिशाला जड जात नाही. मासे घ्यायचे असतील तर गेल्या गेल्याच घ्यावेत. स्नानगृहात दुपारी दार उघडताच जावे. तेव्हा पाने ताजी असतात आणि मुलांना हौदात ऐसपैस जागा मिळते.