किंग्ज क्रॉसच्या चौकातला ऑपेरा : आई, मी आणि सतरंजी

"यात नांदी नसते का गं?" सतरंजीवर बसता बसता आईने विचारलं, तोवर ऑपेरा सुरू होऊन दोन मिनिटं झाली होती. बाजाराची पिशवी घेऊन चौकातून चाललेली एक बाई मध्येच थांबली आणि तिने असा वरचा सूर लावला की शेजारी सँडविच खाणारा माणूस दचकला. तीच गायिका, हे आम्हाला उशिरा कळलं.

जागा लंडनची, किंग्ज क्रॉस स्टेशनच्या मागचा लुईस क्युबिट स्क्वेअर. ऑगस्टमधला शनिवार. 'तेत-आ-तेत' ही संस्था 2007 पासून नवीन ऑपेरांचा महोत्सव भरवते. तिकिटाचे प्रयोग नाट्यगृहात होतात, पण काही छोटे, दहा-वीस मिनिटांचे, उघड्यावर आणि फुकट. कोव्हेंट गार्डनच्या ऑपेरा हाउसचे दर बघून मी निमूटपणे लॅपटॉप मिटला होता, तेव्हा बहिणीने हे शोधून दिलं.

आई सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली तिथे 'सीता स्वयंवर' केलं, हे ती अनोळखी माणसालाही पाच मिनिटांत ऐकवते. त्यामुळे गाणारं नाटक तिला नवीन नाही. नवीन होतं ते हे की गाणारी बाई आमच्यापासून चार हातांवर होती. तिच्या गळ्याची शीर ताणलेली दिसत होती, श्वास घेतलेला ऐकू येत होता. साथीला एक चेलो आणि एक अकॉर्डियन. मध्येच कारंज्यात भिजलेलं एक पोर थपथप पाय वाजवत थेट तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. तिने गाणं न थांबवता त्याच्याकडे वळून पुढची ओळ त्यालाच म्हटली. पोर ओरडत आईकडे पळालं. आमच्या आईने जोरात टाळी दिली.

दुसरा तुकडा मात्र कंटाळवाणा. शब्द कळेनात (इंग्रजीच होते म्हणे), आणि सूर एकाच जिन्यावर वरखाली करत राहिले. निम्मे लोक उठून गेले, आम्हीही आइसक्रीम घेऊन आलो. पण चौकातल्या ऑपेराची खरी गंमत मला इथेच कळली. बघणाऱ्याला उठून जायची मोकळीक आहे, म्हणून गाणाऱ्याला त्याला धरून ठेवावं लागतं. आपल्या भारुडवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. नाट्यगृहात तिकिटाचे पैसेच माणसाला खुर्चीत बसवून ठेवतात.

आता तुम्ही जाणार असाल तर. आधी त्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका नीट बघा. जागा आणि तारखा दरवर्षी त्याच नसतात, फुकटचे प्रयोग रोज नसतात. हॅरो-वेम्बलीकडे पाहुणे म्हणून उतरला असाल तर मेट्रोपॉलिटन लाइनने थेट किंग्ज क्रॉस सेंट पँक्रास. स्टेशनातली स्वच्छतागृहं फुकट आहेत, तिथेच उरकून घ्या. मग किंग्ज बुलेव्हार्डने सरळ, कालव्यावरचा पूल ओलांडला की ग्रॅनरी स्क्वेअर. समोरची विटांची मोठी इमारत म्हणजे 1852 चं धान्याचं गोदाम. ते आणि किंग्ज क्रॉस स्टेशन दोन्ही वास्तुरचनाकार लुईस क्युबिटनेच उभारलेलं, चौकाला नाव त्याचंच. आता गोदामात कलामहाविद्यालय आहे.

ग्रॅनरी स्क्वेअरमध्ये जमिनीतून 1,080 फवारे उडतात. मुलं बरोबर असतील तर कपड्यांचा जादा जोड आणि टॉवेल घ्याच, "नुसतं बघू" वगैरे काही होत नाही. त्या पाण्याचा आणि पोरांचा गलका क्युबिट स्क्वेअरपर्यंत येतो, म्हणून मागे सावली शोधत बसू नका. वाद्यांच्या जवळ बसा. आम्ही पहिल्या तुकड्याला पुढे होतो, दुसऱ्याला मागे, आणि शब्द न कळण्यात थोडा वाटा आमचाही असणार. बसायला घडीची सतरंजी हवी, पाऊस आला तर रेनकोट. छत्री उघडली की मागच्यांच्या शिव्या पडतात, अगदी सभ्य भाषेत.

परतताना किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रास या दोन स्टेशनांच्या मधल्या बॅटल ब्रिज प्लेसमध्ये थांबा. तिथे झाक रिव्हाल या फ्रेंच कलाकाराने केलेला पक्ष्याचा अवाढव्य पिंजरा आहे, गजांमध्ये इतकं अंतर की माणूस सहज आत जातो. आत झोका. अंधार पडला की पिंजऱ्यावर रंगीत दिवे लागतात. दोन मुलींच्या मागे रांग लावून आई झोक्यावर बसली, पदर खोचून. फोटो मागू नका, तिने बंदी घातली आहे.

पायात दम असेल तर ग्रॅनरी स्क्वेअरवरून कालव्याकाठच्या वाटेने पश्चिमेला कॅम्डेनपर्यंत चालत जा. तिथून पुढे 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर राहिले ते घर, महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये घेतलेलं. उघडं कधी असतं ते आधी बघून ठेवा. वाटेत सायकलवाले घंटी वाजवत अंगावर येतात, डावी-उजवी सांभाळा.

एवढ्या लांब जायच्या आधी चव घ्यायची असेल तर महोत्सवातले बरेच प्रयोग 'तेत-आ-तेत'वाले चित्रित करून आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवतात. आई सांगलीला परतल्यापासून रोज दुपारी एखादा बघते. कंटाळा आला की पुढे ढकलते, आणि मग मला फोन करून सांगते, "आज फारच जिना चढउतार होता."