विंगवरून सेकंड रोपर्यंत: सिडनीचा ल्यूक लुईस

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, पण सिडनीत क्रिकेट फक्त उन्हाळ्यात हो, म्हणजे इथल्या डिसेंबर ते फेब्रुवारीत. मार्च आला की ऑफिसात सोमवारी सकाळी एकच विषय, फूटी, आणि आमच्या न्यू साउथ वेल्स राज्यात फूटी म्हणजे रग्बी लीग. पंधरा जणांची असते ती रग्बी युनियन, ही वेगळी, हिच्यात तेरा जण. बॉल हातात घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं (हीच टॅकल), सहा वेळा पाडलं की बॉल त्यांच्याकडे. कबड्डी बघत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही, फरक इतकाच की इथे चढाईला येणारा शंभर किलोचा असतो आणि पूर्ण वेगात येतो.

या खेळात मला सगळ्यात जास्त आवडलेला माणूस म्हणजे ल्यूक लुईस. लीगमध्ये प्रत्येक जागेचं अंग वेगळं असतं. विंगर एकदम कडेला, हलका, वेगवान, उंच आलेला बॉल झेलणारा. फाइव्ह-एट डोकं चालवणारा, पास कुठे द्यायचा ते ठरवणारा. आणि लॉक, सेकंड रो म्हणजे मधले राबणारे, एका मॅचमध्ये तीस-तीस टॅकल करायच्या आणि वर बॉल घेऊन धडकायचंही. आयुष्यभर एकच जागा नीट सांभाळली तरी लोक नाव काढतात. लुईस विंग, सेंटर (विंगरच्या शेजारची आतली जागा), फाइव्ह-एट, लॉक, सेकंड रो सगळीकडे खेळला, आणि नुसता भर टाकायला नाही, न्यू साउथ वेल्स आणि ऑस्ट्रेलियाच्या टीमपर्यंत पोचला.

अशा खेळाडूला इथे युटिलिटी म्हणतात. ऐकायला छान वाटतं पण मला त्यात खेळाडूचं नुकसानही दिसतं, कारण कोणाला लागलं की कोच यालाच उचलून तिथे टाकणार, मग एका जागेवर बस्तान बसायचं कधी?

सुरुवात पेनरिथ क्लबकडून, 2001 मध्ये. पेनरिथ म्हणजे सिडनीच्या पश्चिम टोकाला, ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी. त्या वर्षी टीम लीगमध्ये शेवटची आली आणि 2003 मध्ये चॅम्पियन! फायनलला सिडनीच्याच रूस्टर्स टीमला 18-6 हरवलं, तेव्हा लुईस विंगवर होता, वय जेमतेम 20.

मग वर्षं गेली, अंग भरलं, तो कडेवरून हळूहळू आत सरकत गेला आणि फॉरवर्ड, म्हणजे मधल्या राबणाऱ्यांपैकी एक झाला. आत आलं की मारही जास्त, खांदे, गुडघे, सगळ्याची किंमत मोजावी लागते. 2012 मध्ये खांद्याची दुखापत होती, त्याच्या तपासण्या चालू असताना थायरॉइडवर गाठ सापडली, आणि ती कॅन्सरची निघाली. तिशीही न गाठलेला, रोज व्यायाम करणारा खेळाडू. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात गोळाच आला. खांदा दुखला नसता तर ते कधी कळलं असतं कोण जाणे. ऑपरेशन झालं, गाठ काढली, आणि पुढच्या सीझनला हा माणूस परत मैदानात, तेही नव्या क्लबकडून, क्रोनला शार्क्स.

क्रोनलाचं सांगायलाच हवं. समुद्राकाठचा क्लब, 1967 ला लीगमध्ये आला आणि 2016 पर्यंत एकदाही चॅम्पियन झालेला नव्हता. जॅक गिब्सन नावाचे मोठे कोच म्हणाले होते की क्रोनला जिंकायची वाट बघणं म्हणजे हॅरॉल्ड होल्ट घरी येतील म्हणून दारातला दिवा चालू ठेवणं. होल्ट म्हणजे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान, 1967 मध्येच समुद्रात पोहायला गेले ते परत आलेच नाहीत.

2014 ला क्रोनलाही शेवटचे. आणि बरोबर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 2016 ला फायनलमध्ये, समोर मेलबर्न स्टॉर्म. ही मॅच मी आमच्या शेजाऱ्यांकडे बसून बघितली, शेजारी जन्मापासूनचे शार्क्सवाले, साठीचे गृहस्थ, शेवटची दहा मिनिटं खुर्चीवर बसलेच नाहीत. स्कोअर 14-12, क्रोनला पुढे, वेळ संपत आलेली आणि मेलबर्नवाले क्रोनलाच्या लाइनजवळ (जिच्यापलीकडे बॉल टेकवला की गुण) बॉल या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवतायत, एक फट मिळाली की संपलं, आणि निळ्या जर्सीवाले दमलेले पाय ओढत तसेच आडवे सरकतायत, कोणी जागा सोडत नाही. मग शेवटची टॅकल, आणि शेजारी काका हमसून हमसून रडायला लागले. क्रोनलाचा कॅप्टन पॉल गॅलनने मैदानातूनच सांगितलं, आता दारातले दिवे बंद करा.

फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूला क्लाइव्ह चर्चिल मेडल देतात, ते मिळालं लुईसला. वय 33, जागा सेकंड रो. दोन विजेतेपदांत 13 वर्षांचं अंतर, दोन्ही टीम दोनच वर्षांपूर्वी तळाला असलेल्या, आणि दोन्हीकडे हा, एकदा कडेला पळणारा पोरगा म्हणून आणि एकदा मध्ये राबणारा जाणता म्हणून. मेडल गळ्यात घालतानाही चेहरा अवघडलेला, सगळं टीमचंच आहे असा.

2018 च्या सीझननंतर तो थांबला, 300 पेक्षा जास्त मॅच खेळून. तुमच्यापैकी कोणाला हा खेळ बघायचाच असेल तर 2016 ची फायनल पूर्ण बघा, हायलाइट्स नको, कारण लुईसचं बरंचसं काम बॉल हातात नसतानाचं आहे आणि हायलाइट्सवाले तेच कापतात.