माशाला गूळ का लावते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नणंदेने विचारलं, ऑफिसातल्या तिघींनी विचारलं, समोरच्या वहिनी तर दर बुधवारी वास आला की विचारतात. प्रश्न एकच. सासूबाईंच्या, म्हणजे जिजींच्या, हाताखाली इतकी वर्षं काढलीस, त्यांच्यासारखा माशाचा रस्सा आपल्या गल्लीत कोणाला जमला नाही, मग तुझ्या घरी हा ओव्हनमधला गूळ लावलेला मासा का?

दरवेळी मी एकच उत्तर दिलं: वेळ नाही. तुम्ही मान हलवता, पण तुम्हाला ते पटत नाही हे मला दिसतं. म्हणून आधी वेळेचंच सांगते, कारण ते खोटं नाही. सोमवारी महादेव, मंगळवारी देवी, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. आठवड्यात मासा शिजायला उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारचं सोडा. बुधवारी मी सव्वासातला घरी येते. त्या वेळी कांदे आणि खोबऱ्याची वाटी जाळावर काळी होईपर्यंत भाजायची, खडा मसाला परतायचा, सगळं वाटायचं, तेल सुटेपर्यंत घोटायचं, मग पाणी, मग मासा, आणि एकीकडे भाकरी बडवायच्या. जिजी हे सगळं करायच्या, पण दुपारी चारला सुरुवात करून. ओव्हनचा मासा अर्ध्या तासात ताटात येतो. तेवढ्यात कुकरमध्ये भात होतो.

राहिला गूळ. आपल्याकडे भाजीत गूळ घालत नाहीत, ती चव पुण्याकडची, हे मला सांगू नका. मी मुक्ताईनगरकडची आहे. पण मिरची, लसूण आणि चिंच यांच्याबरोबर गूळ आटवला की तो गोड लागत नाही, तो चिकट आणि काळसर तांबडा होतो आणि तिखटाला माशावर धरून ठेवतो. जपानी लोक याच तऱ्हेला तेरियाकी म्हणतात. तेरी म्हणजे चकाकी, याकी म्हणजे भाजणं. ते सोया सॉस वापरतात, मी जिजींचा काळा मसाला वापरते.

कृती विचारता ना, ती घ्या. अर्धा किलो बिनकाट्याचे तुकडे, बोटाच्या एका पेराएवढे जाड. मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचे, सुटलेलं पाणी ओतून द्यायचं आणि स्वच्छ फडक्याने तुकडे अगदी कोरडे करायचे. हे कोरडं करणं टाळलंत तर मासा भाजला न जाता वाफेत शिजतो आणि वरचा लेप ओघळून जातो. लेपाला तीन चमचे किसलेला गूळ, दोन चमचे चिंचेचा दाट कोळ, ठेचलेल्या सात-आठ लसणाच्या पाकळ्या, चमचाभर काळा मसाला, अर्धा चमचा तिखट, चमचाभर शेंगदाण्याचं तेल. कढल्यात मंद आचेवर चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत आटवायचं. ओव्हन २२० अंशावर दहा मिनिटं आधी तापलेला हवा. मासा आधी नुसता तेलाचा हात लावून आठ मिनिटं भाजायचा. लेप पहिल्यापासून लावायचा नाही, गूळ करपून कडू होतो आणि आतला मासा कच्चाच राहतो. आठ मिनिटांनी एक हात लेप, चार मिनिटं. मग दुसरा हात, आणि फक्त वरची दांडी चालू ठेवून दोन मिनिटं, ओव्हनसमोर उभं राहून. काटा-चमच्याने टोचल्यावर मासा पाकळीसारखा सुटला आणि आतली काचेसारखी झाक गेलेली असली की झालं.

चिंच वगळू नका. गोड्या पाण्यातल्या माशाला जो चिखलाचा वास येतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. पहिल्या पावसात माती दरवळते तो वासही त्याचाच. आंबटात हे द्रव्य मोडतं. जिजींना हे नाव माहीत नव्हतं, पण तापीचा मासा त्या चिंचेच्या पाण्यात ठेवल्याशिवाय कधी चुलीवर चढवत नसत.

हे सगळं खरं आहे. पण माझ्याकडे ओव्हन लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून होता. त्यात केक व्हायचे, मासा नाही. वेळ तेव्हाही नव्हता, नोकरी तेव्हाही हीच होती, आणि तरी बुधवारी रस्साच व्हायचा. म्हणजे वेळेचं उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मी आठ वर्षं कोणाला सांगितलेलं नाही.

माझे वडील माळकरी. माझ्या माहेरी मासा कधी शिजला नाही. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा मला काटे काढता येत नव्हते. जिजींचं माहेर तापीकाठचं, पांझरा जिथे मुडावदला तापीला मिळते त्याच्या जवळचं. त्या भागातली पोरं चालायला लागली की काटे काढायला शिकतात. रोहू, कटल्याला बरगडीचे काटे असतातच, पण पाठीच्या आणि शेपटीच्या मांसात दुभंगलेले बारीक काटे सुटे रुतलेले असतात, ते कण्याबरोबर निघून येत नाहीत. जिजी मांस अंगठा आणि दोन बोटांत धरून हलकेच दाबायच्या, काटा बोटाला लागला की ओढून ताटाच्या कडेला ठेवायच्या. पहिली दोन-तीन वर्षं त्यांनी माझ्यासुद्धा ताटातले काटे काढून दिले. सून म्हणून कधी हिणवलं नाही. मुलगा झाला, दात आले, मग त्याचे घास. रस्सा काळा, काटा त्यात दिसत नाही, पण त्यांना दिसायची गरज नसायची.

तो बुधवार आषाढातला होता. पुढच्या आठवड्यात श्रावण लागणार, म्हणून जिजींनी आग्रहाने रोहू आणवला होता. हे कामासाठी नंदुरबारला. मी महिनाअखेरीचं काम घेऊन घरी आले होते. मुलगा पाच वर्षांचा. जिजी त्याला घेऊन बसल्या आणि मी पलीकडे फोनवर साहेबांशी आकडे जुळवत होते. लाईट गेली. चार्जिंगचा दिवा मी माझ्या कागदांजवळ ठेवला. हे मी लिहिते आहे कारण ते मला कोणी विचारलं नव्हतं. एकच दिवा होता आणि तो मी माझ्याकडे ठेवला.

थोड्या वेळाने मुलगा खोकला. मग म्हणाला, टोचतंय. मग रडायला लागला, आणि रडलं की जास्त टोचायचं. जिजींनी कोरड्या भाकरीचा घास दिला. शेजारच्या काकूंनी केळं आणलं, अख्खा घास गिळ म्हणाल्या. सगळेच असं करतात, मीही केलं. काटा खाली गेला नाही. लाळ गळायला लागली. समोरच्या भाऊंनी स्कूटर काढली, मी मागे बसले, मुलगा मध्ये. जिजी रिक्षाने मागोमाग आल्या, अनवाणी. पहिल्या दवाखान्यात घशाचे डॉक्टर नव्हते. दुसऱ्या ठिकाणी पाऊण तासाने डॉक्टर आले. कपाळावरचा दिवा लावून त्यांनी जीभ दाबली आणि सांगितलं, टॉन्सिलमध्ये रुतलाय. भाकरी, केळं दिलंत का? मी हो म्हटलं. ते रागावले. घासाने काटा आणखी आत रुततो, कधी अन्ननळी फाटते, पुन्हा असं झालं तर काही खायला न देता सरळ इकडे या, म्हणाले. मी मुलाचं डोकं धरलं, नर्सने हात धरले. चिमट्याने काटा निघाला. नखाएवढा होता. कापसावर ठेवून दाखवला.

मग त्यांनी सहज विचारलं, काटे कोण काढत होतं?

मी म्हणाले, आमच्या सासूबाई. त्यांना आता नीट दिसत नाही.

जिजी माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी काहीच म्हटलं नाही. घरी येताना रिक्षात मुलगा त्यांच्या मांडीवर झोपला होता, आणि त्या उजव्या हाताची बोटं एकमेकांवर चोळत होत्या, मांस दाबताना चोळतात तशी.

दिसत नाही हे मला कधी कळलं? खरं सांगायचं तर पुष्कळ आधी. सुईत दोरा त्या मुलाकडून ओवून घ्यायच्या. तांदळात खडे राहायला लागले होते. दारात कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखायच्या. हे सगळं मी पाहिलं होतं आणि डॉक्टरांकडे न्यायचं पुढच्या महिन्यावर ढकललं होतं, कारण त्या होत्या म्हणून मला फोनवर बोलता येत होतं. आणि ज्या रात्री मी ते बोलले, त्या रात्री ते त्यांचा दोष म्हणून बोलले.

दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्या वर्तमानपत्रातल्या छोट्या नोटिसाही वाचतात. पण श्रावण संपल्यावर घरात पहिला मासा आला तो मी आणला, बिनकाट्याचा, आणि ओव्हनमध्ये टाकला. जिजींनी ताटात पाहिलं आणि विचारलं, "हाई काय शे? मिठाई शे का?" मग एक तुकडा खाल्ला, दुसरा घेतला नाही. मी म्हटलं, तुम्हाला त्रास नको म्हणून. तेव्हा माझा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. खूप दिवस होता.

आता वाटतं, त्रास त्यांचा नव्हता. मला त्या बोटांसमोर बसायचं नव्हतं. रस्सा केला असता तर कोणीतरी काटे काढायला बसलं असतं, आणि कोणी बसायचं हे मला ठरवावं लागलं असतं. मग मी तो प्रश्नच ताटातून काढून टाकला. पण असं म्हटलं की दुसरी बाजूही उभी राहते. पाच वर्षांच्या पोराच्या घशातून चिमट्याने काटा काढताना त्याचं डोकं मी धरलं होतं. त्यानंतर कोणत्या आईने त्याच्या ताटात रोहू वाढला असता? तुम्ही वाढला असता का? मी चुकले असेन, पण घाबरण्यात चुकले नाही.

आणि मासा चांगला होतो. हे मी कोणाची समजूत घालायला म्हणत नाही. मुलांना आवडतो, तेल कमी लागतं, घरभर तळणाचा वास राहत नाही, मे महिन्यात पारा ४४ वर असताना शेगडीजवळ उभं राहावं लागत नाही. नवापूरकडून उकाई धरणाच्या फुगवट्यातली मरळ आली तर तिचाही करते. तिला मांसात बारीक काटे नसतात आणि लेप तिच्यावर फार छान बसतो. दर उन्हाळ्यात जिजी काळा मसाला करतात, वर्षभराचा, आणि त्यातली एक बरणी न मागता माझ्या कट्ट्यावर ठेवतात. लेपात तोच असतो. गेली दोन वर्षं त्या दुसरा तुकडाही घेतात, कडेचा, जिथे गूळ जरा जास्त धरलेला असतो. मी तो त्यांच्यासाठी ठेवते. आम्ही त्या रात्रीबद्दल अजून बोललेलो नाही.

मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या आत्याकडे शिरपूरला जेवणात रस्सा होता. त्याच्याहून लहान भावंडं भराभर काटे काढून जेवत होती आणि हा नुसती भाकरी रश्शात बुडवून खात राहिला, तुकड्याला हात लावला नाही. त्याच्या वयात त्याचे बाबा तापीतून मासा धरून आणायचे. माझ्या मुलाला मासा आवडतो आणि मासा खाता येत नाही. घरी आल्यावर तो सरळ जिजींकडे गेला आणि म्हणाला, मला काटे काढायला शिकव.

जिजी लगेच हो म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कढल्यात गूळ ढवळत होते. मग त्याला म्हणाल्या, "तुनी मायले इचार."

मी म्हटलं, रविवारी रोहू आणते.

त्यानंतर तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी पाहुणे होते, दुसऱ्या रविवारी चतुर्थी होती. परवाच्या रविवारी मी बाजारात गेले, रोहूच्या टोपलीसमोर उभी राहिले, कापून देऊ का ताई, असं त्याने विचारलंही. मी अर्धा किलो बिनकाट्याचा घेऊन घरी आले.