टपावरच्या कॅरियरचं गळणं: पाणी आट्यांतून उतरत होतं

मागच्या पावसाळ्यात भंडारदऱ्याहून घोटीमार्गे नाशिकला परतत होतो. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, वरून पाणी येतंय." डाव्या हँडलपाशी छताचं कापड ओलं होऊन फुगलं होतं आणि तिथून थेंब पडत होते. डबल कॅब पिकअप, टपावर अ‍ॅल्युमिनियमचं कॅरियर, त्याला सहा पाय, म्हणजे टपाला सहा भोकं. बसवून देणाऱ्याने प्रत्येक पायाभोवती पांढरं सिलिकॉन फिरवून दिलं होतं. पावसाळाभर मीही त्यावर आणखी दोन थर चढवले. गळणं थांबलं नाही, फक्त जागा बदलत राहिलं. ज्यांच्या गाड्यांना असं कॅरियर आहे त्यांच्यासाठी यंदाचं काम सविस्तर लिहून ठेवतो.

पहिला रविवार, मे

आधी इतर संशयित बाजूला काढले. पिकअपमध्ये केबिनच्या मागे, वर बसवलेल्या ब्रेक लाइटचं गॅस्केट कडक झालं की तिथून पाणी हमखास आत येतं. पुढच्या काचेचं रबर आणि अँटेनाचं बूडही तसंच. नळीने पाणी सोडताना नेहमी खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा. प्रेशर वॉशर नको, साधी धार पुरते. एका जागी १० मिनिटं. एकदम टपावर पाणी ओतलं तर सगळीकडून येतंय असंच वाटतं. माझ्या गाडीत तिन्ही जागा कोरड्या निघाल्या.

मग छताचं लायनिंग उतरवलं. हँडल, आतला दिवा, मागच्या खांबांची प्लास्टिकं आणि दाराच्या वरचं बीडिंग काढलं की मागचा अर्धा भाग खाली येतो; तो पुठ्ठ्याच्या खोक्यावर टेकवून ठेवला. पूर्ण बाहेर ओढू नका, दुमडलं की घडीची खूण कायमची राहते. प्रत्येक भोकाखाली टिश्यू पेपर मास्किंग टेपने चिकटवला आणि टपाला आतून असलेल्या आडव्या पट्टीच्या काठावर टाल्कम पावडर भुरभुरली.

पाणी पडत होतं मागच्या हँडलपाशी, पण पावडरीतली वाट पुढे, मधल्या डाव्या पायाकडे गेली होती. घाट चढताना गाडीचं नाक वर असतं. भोकातून आलेलं पाणी पट्टीवरून मागे सरकत सरकत हात-दीड हात लांब जाऊन खाली पडत होतं. जिथे डाग तिथे भोक, हे छताच्या बाबतीत धरून चालू नका.

त्या मधल्या पायाचा टिश्यू काढला, टॉर्च लावली आणि मुलीला वरून धार सोडायला सांगितली. रिव्हनटच्या, म्हणजे बोल्ट धरण्यासाठी पत्र्याच्या भोकात खेचून बसवलेल्या आटेदार नळीच्या, उघड्या बुडातून बोल्टचे चार-पाच आटे बाहेर आलेले दिसत होते. पहिली दोन मिनिटं काही नाही. मग वरचा आटा नुसता चमकला. ती चमक आट्याच्या खाचेतून गोल फिरत एकेक पायरी खाली आली, टोकाशी थांबली, फुगली आणि थेंब होऊन सुटली. पुन्हा चमक, पुन्हा फेरा. मी बराच वेळ तसाच मान वर करून बघत राहिलो. वर्षभर ज्याच्या मागे होतो ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर होतं.

सातपूरच्या एका डेंटरकाकांना मोबाइलवरचं चित्रण दाखवलं. ते म्हणाले, "दादा, पाणी आट्यांतून उतरतंय. वरून कितीही चोपडा, बोल्ट हा गोल जिनाच आहे."

तर पाण्याला वाटा तीन: पाय आणि पत्रा यांच्यामधली फट, रिव्हनटची कॉलर आणि पत्रा यांच्यामधली फट, आणि बोल्टचे आटे. बाहेरून फिरवलेलं सिलिकॉन फक्त पहिलीला अडवतं, तेही फार दिवस नाही. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. कॅरियरची दीड मीटरची पट्टी हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ५० अंशांनी तापली, तर तिच्या आणि टपाच्या वाढीत पाऊण मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. त्यात खडकाळ रस्त्यावर केबिन पिळवटतं. कडेचा पातळ थर ही ओढाताण किती सोसणार?

दुसरा आणि तिसरा रविवार

सगळे पाय काढले. सिलिकॉनखाली पत्रा तांबूस झाला होता आणि दोन भोकांच्या कडांना पोपडे धरले होते. सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ॲसेटिक ॲसिड सोडतं. उघड्या पोलादाला ते अजिबात चालत नाही. भोक पाडल्यावर कडेला रंग लावलाच नव्हता, त्यामुळे गंजाला आयती जागा मिळाली. सिलिकॉनचा अंश राहिला तर त्यावर रंगही धरत नाही आणि सीलंटही. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि प्रत्येक पुसण्याला नवं फडकं घ्या. हे कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

जुने रिव्हनट ड्रिलने काढले. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावलं की बराचसा कीस त्यालाच चिकटतो. उरलेला त्याच दिवशी झाडून घ्या, नाहीतर दवाने टपावर गंजाचे ठिपके उठतात. गंज चकाकत्या पत्र्यापर्यंत घासला, भोकाच्या आतल्या कडेसकट इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर रंग दिला. पुढचा आठवडा सुकायला सोडला.

चौथा रविवार

या वेळी बंद बुडाचे रिव्हनट घेतले. बूडच बंद असल्यावर आट्यांतून आलेलं पाणी केबिनमध्ये उतरत नाही. एक मात्र सांभाळा: बोल्ट लांब असेल तर पाय दाबला जाण्याआधीच तो बुडाला टेकतो. तुम्हाला वाटतं घट्ट झालं, आणि पाय ढिलाच असतो. मी सहाही बोल्ट मोजून कापले. कॉलरखाली पॉलियुरेथेन सीलंटचं कडं देऊन मगच रिव्हनट खेचला.

पायाखाली भोकाभोवती ब्युटाइल टेपचं, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टीचं, पूर्ण वेढं. बोल्टच्या डोक्याखाली डाउटी वॉशर, म्हणजे पोलादी कड्याच्या आत रबराची ओठी असलेला. ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळाला नाही, सातपूर एमआयडीसीत हायड्रॉलिक फिटिंगवाल्याकडे लगेच मिळाला. पट्टीला सरकायला जागा राहावी म्हणून मागच्या दोन पायांची भोकं लांबट केली.

आवळताना एकेक बोल्ट पूर्ण न आवळता आळीपाळीने गेलो आणि १० न्यूटन-मीटरवर थांबलो. पातळ पत्र्यात जोर केला तर रिव्हनट जागेवर फिरतो. ब्युटाइल हळूहळू दबत राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा पाना लावला. दोन्ही वेळा थोडा फिरला.

पायाभोवती बाहेरून या वेळी काहीच फिरवलं नाही. यावर मतभेद होतील, पण माझं मत पक्कं आहे. बाहेरचं कडं आत शिरलेलं पाणी कोंडून ठेवतं आणि गंज लपवतं.

जुलै

नळीखाली अर्धा तास सगळं कोरडं होतं. लायनिंग मुद्दाम बसवलं नव्हतं. मग त्र्यंबकला गेलो, आणि तो आठवडा असा की नाशिकला गोदावरी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत चढली होती. परत येऊन टिश्यू पाहिले. पाच कोरडे ठणठणीत. मागचा उजवा कडेला दमट.

बोल्ट काढल्यावर कारण दिसलं. लांबट केलेलं भोक डाउटी वॉशरपेक्षा रुंद झालं होतं, त्यामुळे रबराची ओठी एका बाजूने अधांतरी होती. पाणी वरून पायात शिरलं आणि रिव्हनटच्या कॉलरपाशी साचलं. तिथे माझं सीलंटचं कडं एका जागी तुटलेलं निघालं. तो रिव्हनट पुन्हा बसवला. दोन्ही लांबट भोकांवर स्टेनलेसची रुंद चकती, चकतीखाली ब्युटाइल, आणि तिच्यावर डाउटी वॉशर अशी रचना केली. मागचा डावा पाय अजून गळला नव्हता, पण त्यालाही तसंच केलं.

काल पुन्हा नळी लावली, पाऊण तास. सहाही टिश्यू कोरडे आहेत. लायनिंग अजून खोक्यावरच टेकलेलं आहे. शनिवारी इगतपुरीला जाऊन येतो, मगच हँडलचे स्क्रू लावीन.