मेल्व्हिल, प्रकाशनक्रमाने: ‘पिएर’पर्यंतची नोंद

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेल्व्हिल ज्या क्रमाने छापला गेला त्याच क्रमाने वाचायचा, असा हा उपक्रम. आधी पुस्तक, मग माझी टिपणं, आणि त्यानंतरच त्या काळातली परीक्षणं आणि पुढच्या वाचकांची भांडणं, हा नियम अजून तरी पाळलाय. सात कादंबऱ्या झाल्या. ‘पिएर’ नुकतीच हातावेगळी केली.

थेट ‘मोबी-डिक’ हातात घेणाऱ्याला वाटतं, मेल्व्हिलबद्दलचा वाद म्हणजे एका जाडजूड पुस्तकाचा वाद. पण तो १८४६पासून चालू आहे आणि सुरुवातीला प्रश्न एवढाच होता: हा माणूस खरं सांगतोय की थापा मारतोय? ‘टायपी’त देवमाशांच्या शिकारीवरच्या जहाजातून पळालेला खलाशी पॅसिफिकमधल्या नुकु हिवा बेटावरच्या लोकांत चार महिने राहतो. प्रत्यक्षात मेल्व्हिल तिथे राहिला जेमतेम चार आठवडे. लंडनला जॉन मरेनं पुस्तक प्रवासवर्णन म्हणून छापलं आणि वाचकांनी भुवया उंचावल्या. मग कथेत मध्येच बेपत्ता होणारा सोबती टोबी, म्हणजे रिचर्ड टोबायस ग्रीन, बफेलोत जिवंत असल्याचं कळलं आणि त्यानं वर्तमानपत्रातून साक्ष दिली. पुस्तक आजही झरझर वाचून होतं. पुढची कादंबरी ‘ओमू’ त्यापुढे सैल वाटली.

‘मार्डी’वर माझी गाडी अडली. तिच्या प्रस्तावनेत मेल्व्हिलचा वैताग लपत नाही: खऱ्या हकिकतीवर कुणी विश्वास ठेवत नाही, तर आता कल्पित लिहून बघतो, ते तरी खरं मानतात का! सुरुवातीचा समुद्र झकास, पुढे मात्र बेटामागून बेट आणि प्रत्येक बेटावर रूपक. त्याच काळातला कादंबरीकार हॉथॉर्न यानं एका पत्रात म्हटलंय की या पुस्तकात मधूनच असा खोल डोह लागतो की जीव वाचवायला पोहावं लागतं. त्याला ते आवडलं होतं, तरी लेखकानं आणखी वेळ घ्यायला हवा होता असंही तो म्हणतो. मला दुसरं वाक्य जास्त पटलं.

‘रेडबर्न’बद्दल मात्र माझं खुद्द मेल्व्हिलशीच पटत नाही. सासरे लेम्युएल शॉ यांना १८४९मध्ये त्यानं कळवलं की ‘रेडबर्न’ आणि ‘व्हाइट-जॅकेट’ ही दोन कामं पैशासाठी उरकली, लोक लाकडं कापतात तशी. असेलही. पण लिव्हरपूलच्या गल्लीतल्या तळघरात उपाशी मरणारी बाई आणि तिची मुलं, पोरसवदा रेडबर्ननं पोलिसापासून शेजारणींपर्यंत सगळ्यांना केलेल्या विनवण्या, आणि काही दिवसांनी त्या जागी दिसलेला कळीच्या चुन्याचा ढीग. ही पानं ज्याला उरकलेली वाटतात, त्याच्याशी वाद घालायला मी तयार आहे.

आता ‘मोबी-डिक’. सर्वात जास्त टिपणं इथेच झाली. आज ही कादंबरी अर्ध्यात सोडणारे बहुतेक एकच तक्रार करतात: गोष्ट चांगली आहे, पण देवमाशांची माहिती आवरा! बत्तिसाव्या प्रकरणात देवमाशांची पुस्तकांच्या आकारांप्रमाणे वर्गवारी सुरू झाली की पुष्कळजण पानं उलटतात. म्हणून १८५१ची परीक्षणं वाचताना गंमत वाटली. तेव्हाच्या बऱ्याच परीक्षकांना शिकारीचा हा तपशीलच भावला होता. त्यांना खुपत होतं ते पांढऱ्या देवमाशाच्या सूडानं पछाडलेल्या कप्तान एहॅबचं तत्त्वज्ञान, भडक भाषा आणि धर्माची थट्टा. मेल्व्हिलचा मित्र डायकिंक यानंही शेवटच्या मुद्द्यावर कान उपटले. म्हणजे ज्या पानांसाठी आज पुस्तक थोर ठरतं तीच तेव्हा नडली, आणि जी आज गाळली जातात ती तेव्हा पैसे वसूल करून देत होती. समुद्रसफरींचा लेखक म्हणून ज्याला विकत घेतलं, त्याच्याकडून वाचकाला समुद्रच हवा होता.

त्यात लंडनच्या तीन खंडांच्या आवृत्तीनं आणखी घोळ घातला. तिच्यात उपसंहारच नव्हता. कथा सांगणारा खलाशी इश्माएल जहाज बुडाल्यावर कसा वाचला हे त्या दीड-दोन परिच्छेदांतच कळतं. ते नसल्यावर सगळे बुडाले तर गोष्ट सांगतोय कोण, असं लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाच्या परीक्षकानं विचारलं तर त्याचं काय चुकलं? अमेरिकेत मेल्व्हिलच्या हयातीत या पुस्तकाच्या ३,२००च्या आसपास प्रती खपल्या.

माझं मत: माहितीची प्रकरणं गाळू नका. ती गंभीर तोंडानं केलेली चेष्टा आहे. पंचावन्नाव्या प्रकरणातला पुरावा आपल्या घराजवळचा. देवमाशाचं सर्वात जुनं चित्र घारापुरीच्या लेण्यांत आहे, ते विष्णूच्या मत्स्यावताराचं, असं तिथे ठासून सांगितलंय. वर त्या शिल्पातली शेपटी देवमाशाची न वाटता अजगराची वाटते अशी खोडही काढलीय. घारापुरीची मुख्य लेणी शिवाची, तिथे मत्स्यावताराचं शिल्पच नाही, आणि मेल्व्हिल भारतात कधी आलाही नाही. नसलेल्या शिल्पातली चूक काढणारा हा इश्माएल मला भलताच आवडतो. खलाशी राहिलेला कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड याचं मत बरोबर उलटं. १९०७ साली प्रस्तावना लिहायला नकार देताना त्यानं पुस्तकाच्या तिन्ही खंडांत एकही प्रामाणिक ओळ नाही असं कळवलं होतं. समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाचं मत आहे, सोडून देता येत नाही. पण अशी ओळ शोधायचीच असेल तर कॉनरॅडनं ‘रेडबर्न’ वाचायला हवी होती.

‘पिएर’ (१८५२) थोडक्यात: दमवणारी. सधन घरातला तरुण, सावत्र बहीण असल्याचं सांगणारी इझाबेल, तिच्याशी लग्नाचं सोंग, मग न्यूयॉर्क. मध्येच कळतं की पिएर लेखकही आहे! मेल्व्हिल वेडा झाल्याचा मथळा एका न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रानं छापला तो या पुस्तकानंतर. चरित्रकार हर्शेल पार्कर यांच्या मते हार्पर प्रकाशनानं कमी मोबदल्याचा करार पुढे केल्यावर चिडून हा लेखकाचा भाग मागाहून घुसडला गेला. १९९५मध्ये त्यांनी तो भाग वगळून, मॉरिस सेंडॅक यांच्या चित्रांसह वेगळी आवृत्तीच काढली. तर्क पटण्यासारखा आहे, कात्री पटत नाही. तीच चिडकी पानं मला सर्वात जिवंत वाटली.

पुढचा टप्पा मासिकांतल्या कथांचा. ‘बार्टलबी’ आधी, मग ‘बेनिटो सेरेनो’. ही दुसरी कथा कॅप्टन अमासा डिलेनोच्या १८१७च्या आठवणींवरून बेतलेली आहे. गुलामांच्या बंडाकडे ती कुठल्या बाजूनं पाहते यावर वाचकांत उभी फूट आहे. डिलेनोचं मूळ प्रकरण आधी वाचावं की कथेनंतर? आधी वाचलं तर जहाजावर काय चाललंय ते फुटणार. माझा कल नंतरकडे आहे; ज्यांनी उलट क्रमानं केलंय त्यांनी सांगा.