पाऊण तास आणि बाकीचा दिवस

परवा कपाट आवरताना माझी जुनी डायरी सापडली, नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षातली. रोजचे पेशंट आणि पुढे काय केलं ते, असं त्यात लिहिलेलं. सिव्हिअर सीपीच्या (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीवर ताबा न राहणं) जवळजवळ प्रत्येक मुलापुढे एकच ओळ, "स्ट्रेचिंग, दोन्ही पाय, २० मि." पानंच्या पानं तेच. हसू पण आलं आणि लाज पण वाटली, कारण त्यातली निम्मी मुलं त्या वीस मिनिटांत रडून लालबुंद व्हायची आणि मी त्यांच्या आयांना सांगायचे की रडू दे, त्याच्या चांगल्यासाठीच आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांचीच कामं करते, आणि त्या डायरीनंतर माझं बरंच काही बदललंय त्याबद्दल लिहायचंय. कुणाला उपयोग झाला तर झाला.

आधी सिव्हिअर म्हणजे काय ते सांगते. सीपीमध्ये मेंदूला गर्भात, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या एकदोन वर्षांत इजा झालेली असते. ती इजा पुढे वाढत नाही. पण मूल वाढतं ना! हाडं लांब होत जातात, सतत आखडलेला स्नायू त्यांच्या वेगाने वाढत नाही, आणि म्हणून दोन वर्षांचा असताना सहज सरळ होणारा गुडघा आठव्या वर्षी होत नाही. आईबाबांना वाटतं आजार वाढला, आम्ही कुठे कमी पडलो का. तसं नसतं.

मुलाच्या हालचालीनुसार पाच लेव्हल असतात, जीएमएफसीएस म्हणतात त्याला, १९९७ मध्ये कॅनडातल्या लोकांनी ही पद्धत आणली. लेव्हल एकचं मूल पळतं, जिने चढतं. चारचं मूल नीट आधार दिला की बसतं पण फिरायला बहुतेक वेळा खुर्ची लागते, आणि पाचच्या मुलाला मान सावरणं सुद्धा अवघड जातं. मी ज्यांच्याबद्दल लिहितेय ती चार आणि पाचची मुलं.

आणि त्यांच्या घरचा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो. ताई, चालेल ना हा?

पूर्वी मी हा प्रश्न टोलवायचे. "बघूया", "प्रयत्न करत राहू", "आत्ताच काय सांगणार". खरं तर २००२ सालीच शेकडो मुलांचा पाठपुरावा करून काढलेले आलेख आले होते, त्यात दिसतं की लेव्हल पाचच्या मुलांची उठणं-बसणं-सरकणं या बाबतीतली जी काही क्षमता असते तिच्या साधारण ९० टक्क्यांचा टप्पा पावणेतीन वर्षांच्या आसपासच गाठला जातो. लेव्हल एकच्या मुलांना तिथवर यायला जवळपास पाच वर्षं लागतात. हे माहीत असून "बघूया" म्हणत राहायचं म्हणजे त्या आईला आणखी चार वर्षं चालण्याची वाट बघायला लावायची. त्या चार वर्षांत खुर्ची घेतली जात नाही, कारण खुर्ची घेणं म्हणजे हार मानणं! आता मी सांगते. लगेच पहिल्या भेटीत नाही, पण सांगते, आणि सांगून निघून जात नाही, पुढचं बोलायला बसते. काही जण रागावतात. एका बाबांनी तर यायचंच बंद केलं, सहा महिन्यांनी परत आले आणि म्हणाले, खुर्चीचं बोलत होतात ते काय होतं.

आता स्ट्रेचिंग. २०१७ मध्ये कॉक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास तपासून मत देणारी संस्था) रिव्ह्यू आला, वेगवेगळ्या आजारांतल्या स्ट्रेचिंगवरचे अभ्यास एकत्र करून. निष्कर्ष असा की सात महिन्यांपर्यंत केलेल्या स्ट्रेचिंगने सांध्याच्या हालचालीत म्हणावा असा फरक पडत नाही. मी हा पहिल्यांदा वाचला तेव्हा चिडले होते, खोटं कशाला बोलू. माझी अख्खी डायरी त्यावर उभी होती. पण विचार केला तर पटतं. स्पास्टिक, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे सतत आखडलेल्या, स्नायूचा स्वभावच असा आहे की जेवढ्या जोरात झटकन ओढाल तेवढा तो उलटा ओढतो, मूल घाबरलं किंवा दुखलं की आणखी कडक होतो, आणि दिवसातून वीस मिनिटं ओढून उरलेले तेवीस तास चाळीस मिनिटं तो पाय आपल्या जुन्या जागी पडून राहणार. कोण जिंकणार?

याचा अर्थ हातपाय हलवूच नका असा नाही हं. कपडे बदलताना, आंघोळीला, हळूहळू सगळे सांधे फिरवायचे, त्याला बरं वाटतं आणि आपल्याला कळतं काय आखडायला लागलंय ते. फक्त रडवून ओढायचं नाही.

आता तो बाकीचा दिवस. आठवड्याचे १६८ तास होतात. माझ्याकडे मूल आठवड्यातून दोनदा पाऊण पाऊण तास येतं, म्हणजे दीड तास. उरलेले १६६ आणि वर काही तास ते कसं झोपतं, कसं बसतं, त्याला कसं उचलतात यावर त्याच्या पाठीचं आणि खुब्याचं काय होणार ते बरंचसं अवलंबून. ज्या मुलाला स्वतःहून कूस बदलता येत नाही ते ज्या स्थितीत ठेवलं त्याच स्थितीत राहतं. उताणं झोपवलं की दोन्ही गुडघे एकाच बाजूला कलंडतात, रोज त्याच बाजूला, मग कंबर पिळते, मग बरगड्या, मग पाठीचा कणा. काही वर्षांत ते मूल त्या आकाराचं होऊन जातं.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण खरं शिकवलं एका आजीने. सहा वर्षांचा नातू, लेव्हल पाच, मान कायम उजवीकडे. त्याचा उजवा हात लांब पसरलेला, डावा कोपरात दुमडलेला, तलवारबाजासारखा, ही मुलं मान वळवली की तशीच होतात. मी आजींना बारा व्यायामांचा छापील कागद दिला होता, चित्रांसकट. पुढच्या वेळी आले तर मान मध्ये यायला लागलेली. मी म्हटलं, वा, व्यायाम केलेत! आजी म्हणाल्या, कागद कुठे गेला देव जाणे. त्यांनी एकच केलं होतं, त्याची उशी पायथ्याला नेली. दार उजवीकडे होतं, सगळे तिथून यायचे, आवाज तिथून, उजेड तिथून, मग तो बघणार कुठे? उशी फिरवल्यावर दार डावीकडे आलं. बास.

तेव्हापासून मी घरी गेले की आधी बेड कुठे आहे ते बघते.

उशा, गुंडाळलेल्या चादरी, गुडघ्यांमध्ये छोटा लोड, यांनी पुष्कळ काम होतं. पण फिट येत असतील, श्वासाचा त्रास असेल किंवा अन्न वर येत असेल तर रात्रीची पोझिशन स्वतःच्या मनाने ठरवायची नाही, डॉक्टर आणि थेरपिस्टला विचारून, आणि आधी दिवसा जागेपणी करून बघायची. आणि बांधून तर कधीच ठेवायचं नाही.

उचलण्याचंही तसंच. मूल फळीसारखं ताठ असताना बगलेत हात घालून वर खेचलं की ते आणखी ताठ होतं, पायांची कात्री होते, मग कपडे घालता येत नाहीत, सगळेच वैतागतात. आधी त्याला सांगा की उचलतेय (अचानक हात लावला की ती दचकतात, आणि दचकली की झालंच), मग कुशीवर वळवा, गुडघे पोटाकडे घ्या, कमरेत घडी पडली की अख्खं शरीर सैल होतं, मग जवळ घेऊन उचला. घाई नाही करायची. पाच सेकंद जास्त लागतात पण तुमची कंबर वाचते. ही कंबर गंमतीची गोष्ट नाहीये, मूल पंचवीस किलोचं झालं की दोन माणसं किंवा होइस्ट (उचलायचं यंत्र), एकटीने उचलायचंच नाही. बहुतेक आया हे ऐकतच नाहीत. डिस्क सरकली की ऐकतात.

आता माझी चूक सांगते. एक मुलगी, सात वर्षांची, बोलता येत नव्हतं. डायपर बदलताना रडायची. आई म्हणायची तिला आवडत नाही, आधीपासूनच तशी आहे, आणि मीही मान हलवली. दोनतीन महिने. तिच्या मांड्या पूर्वीसारख्या फाकत नव्हत्या, मला वाटलं टाइटनेस वाढला, मी आणखी जोर लावला. शेवटी एक्स-रे काढला तर एका बाजूचा खुब्याचा गोळा अर्ध्याहून जास्त वाटीच्या बाहेर. त्या पोरीला दुखत होतं, ती रोज सांगत होती, आणि मी वर त्यावर ओढत होते.

हे कुठल्याही व्यायामाने परत आत जात नाही. तिचं ऑपरेशन करावं लागलं. सीपीमध्ये खुबा हळूहळू, गुपचूप सरकतो. २००६ सालच्या ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासात लेव्हल पाचच्या मुलांत सुमारे ९० टक्क्यांमध्ये खुबा सरकलेला आढळला, लेव्हल एकमध्ये एकातही नाही. एक्स-रेवर गोळ्याचा किती टक्के भाग बाहेर आहे ते मोजतात, ३० च्या वर गेला की लक्ष ठेवायचं, ४० च्या वर गेला की हाडांच्या डॉक्टरांशी गंभीरपणे बोलायचं. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सगळ्या सीपीच्या मुलांचे खुबे ठरलेल्या वेळी तपासायला लागले आणि पूर्ण निखळलेले खुबे जवळजवळ दिसेनासे झाले. म्हणून चार-पाच लेव्हलच्या मुलाचा एक्स-रे दोन वर्षांच्या आत-बाहेर पहिला आणि मग साधारण दर सहा महिन्यांनी, काही दुखत नसलं तरी. तुमचा फिजिओ हे बोलत नसेल तर तुम्ही बोला.

स्टँडिंग फ्रेमबद्दल, म्हणजे मुलाला आधार देऊन उभं ठेवणाऱ्या चौकटीबद्दल, फार विचारतात. हो, पायावर उभं करायचं, वर्षाच्या आसपास सुरू करतात. हाडं मजबूत व्हावीत म्हणून दिवसाला ६० ते ९० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस असं सांगितलं जातं, पण पहिल्या दिवशी पाच मिनिटं खूप झाली. उभं करून भिंतीकडे तोंड करून ठेवू नका म्हणजे मिळवलं! समोर काहीतरी चालू पाहिजे, कुणीतरी पाहिजे. ही मुलं स्वतः वजन घेत नसल्याने त्यांची हाडं ठिसूळ असतात, कधी कधी नुसतं कपडे घालताना मांडीचं हाड मोडतं, तेव्हा हा हट्ट उगाच नाही. आणि बूट-स्प्लिंट (पाय नीट स्थितीत धरून ठेवणारा साचा) काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट चुकीचं आहे, मूल नाही.

जाता जाता, हायपरबॅरिक ऑक्सिजनचे (बंद खोलीत जास्त दाबाखाली ऑक्सिजन द्यायचा) पॅकेज घेऊन कुणी आलं तर २००१ सालचा लॅन्सेट या वैद्यकीय मासिकातला ट्रायल आठवा. १११ मुलं, निम्म्यांना दाबाखाली ऑक्सिजन, निम्म्यांना थोड्या दाबाची साधी हवा, आणि दोन्ही गटांत सुधारणा सारखीच.

मग आता माझ्या डायरीत काय असतं? तो उशीवाला नातू आठ वर्षांचा झालाय. गेल्या आठवड्यातली नोंद अशी आहे, "बटण, कुत्रा, ताईसोबत." त्याच्या खुर्चीच्या हेडरेस्टला डाव्या बाजूने एक मोठं बटण लावलंय, डोकं मध्ये आणून थोडं डावीकडे दाबलं की खेळण्यातला कुत्रा भुंकतो. मान सावरायचा यापेक्षा चांगला व्यायाम मला तरी माहीत नाही, कारण मी सांगते म्हणून तो मान उचलत नाही, कुत्र्यासाठी उचलतो. त्याची मोठी बहीण समोर बसून दर वेळी घाबरल्याचं नाटक करते. पहिल्यांदा त्याला जवळजवळ मिनिटभर लागलं, आम्ही तिघी श्वास रोखून, आजी तर पदर तोंडाला लावून. कुत्रा भुंकला. बहीण किंचाळली. आणि तो हसला.

आता हा हसला की ताठ होतो, ताठ झाला की खुर्चीतून खाली घसरतो. मग बहिणीने न सांगता त्याचे गुडघे वर घेतले, मी कंबर मागे नेली, आजींनी पट्टा लावला. डोकं परत बटणाकडे निघालेलं होतंच.