सरहद्दीवरच्या छावण्यांचा कादंबरीकार : चार्ल्स किंग

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील लष्करी जीवनाचे चित्रण करणारे लेखक म्हणून जनरल चार्ल्स किंग यांचे नाव आज क्वचितच घेतले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मात्र त्यांचा वाचकवर्ग फार मोठा होता आणि हयातीत त्यांच्या नावावर साठ-एक पुस्तके जमा झाली. त्यांच्या कादंबऱ्या वाचताना माझे मत असे झाले आहे की, त्यांतली प्रेमकथा कालबाह्य झाली असली तरी तिच्या मागे उभी असलेली छावणी आजही तितकीच जिवंत आहे, आणि ती छावणी त्यांच्याइतक्या आतून दुसऱ्या कोणालाही रेखाटता आली नसती.

किंग यांचा जन्म १८४४ सालचा. पणजोबा रूफस किंग यांची अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही आहे. आजोबा कोलंबिया कॉलेजचे अध्यक्ष होते. वडील मिलवॉकीत वृत्तपत्राचे संपादक होते आणि यादवी युद्धात ब्रिगेडियर जनरल झाले. त्या युद्धात वडिलांच्या ब्रिगेडमध्ये घोड्यावरून निरोप पोहोचवण्याचे काम करणाऱ्या या मुलाला पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्रवेश मिळाला. १८६६ मध्ये तेथून बाहेर पडल्यावर त्यांनी आधी तोफखान्यात आणि मग पाचव्या घोडदळात नोकरी केली. लेखक म्हणून त्यांना जे काही मिळाले, ते या पाचव्या घोडदळात.

१ नोव्हेंबर १८७४ रोजी ॲरिझोनातील सनसेट पास येथे अपाचे टोळीचा माग काढत असताना किंग आपल्या तुकडीच्या पुढे, सार्जंट बर्नार्ड टेलर यांच्यासह, खडकाळ चढणीवर गेले होते. तेथे त्यांच्यावर अचानक हल्ला झाला आणि एका गोळीने खांद्याजवळ हाताचे हाड फोडले. आपल्याला टाकून निघून जा, असे त्यांनी टेलरना सांगितले. टेलरनी ते ऐकले नाही आणि गोळीबार चालू असतानाच त्यांना उचलून खाली आणले. या कामगिरीबद्दल टेलर यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. किंग यांची जखम कधीच पूर्ण भरून आली नाही. तरीही ते आणखी काही वर्षे नोकरीत राहिले. अखेर १८७९ मध्ये कॅप्टन या हुद्द्यावर असताना, वयाच्या पस्तिशीच्या आतच, त्यांना निवृत्त व्हावे लागले. हातातली तलवार सुटली नसती, तर त्यांनी इतके लिहिले असते असे मला वाटत नाही.

जखमी अवस्थेतल्या त्या वर्षांत सू आणि शायेन या मूळ रहिवाशांविरुद्धची १८७६ ची मोहीम येते. जूनमध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत घोडदळाचे अधिकारी कस्टर आणि त्यांची तुकडी मारली गेली होती. जुलैत नेब्रास्कातील वॉरबॉनेट ओढ्याजवळ पाचव्या घोडदळाने शायेन लोकांची वाट अडवली, तेव्हा टेकडीवरच्या टेहळणी चौकीवर किंगच होते. सैन्याचे वाटाडे बफेलो बिल कोडी यांची एका शायेन योद्ध्याशी झालेली जी झटापट पुढे रंगभूमीवर हजारो लोकांनी पाहिली, ती त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. परंतु मला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरच्या सप्टेंबरमधली जनरल क्रुक यांची वाटचाल. क्रुक यांनी हार्ट नदीवरून दोन-अडीच दिवसांच्या शिध्यावर सैन्य दक्षिणेकडे ब्लॅक हिल्सच्या दिशेने वळवले. पाऊस थांबेना, घोडे चिखलात बसू लागले, बसलेल्या घोड्यांना गोळी घालून त्यांचेच मांस खाण्याची पाळी घोडेस्वारांवर आली. ज्या जनावराला रोज स्वतःच्या हाताने खरारा केला, तेच शिजवून खाणे म्हणजे काय, हे अशा स्वारालाच सांगता येते. या मोहिमेवरचे लेख किंग यांनी १८८० मध्ये वडिलांच्या जुन्या वृत्तपत्रात लिहिले आणि त्यांचेच पुस्तक झाले. त्यांची पहिली कादंबरी त्यानंतर, १८८३ मध्ये आली.

त्यांच्या लेखनात सरकार आणि पूर्वेकडील शहरी समाज यांच्याविषयी एक चीड सतत जाणवते, आणि तिला आधार होता. संपूर्ण देशाचे सैन्य त्या काळी सुमारे पंचवीस हजारांचे, साध्या शिपायाचा पगार महिन्याला तेरा डॉलर, बढती इतकी संथ की लेफ्टनंटचे केस पांढरे व्हावेत. १८७७ मध्ये तर दक्षिणेतील राज्यांत सैन्य वापरण्यावरून संसदेत वाद पेटला आणि सैन्याच्या खर्चाची तरतूदच मंजूर झाली नाही. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत सैन्याला पगार मिळाला नाही, आणि त्याच उन्हाळ्यात नेझ पर्स या मूळ रहिवाशांविरुद्धची मोहीम मात्र चालू होती. १८७१ साली सुमारे एक तृतीयांश शिपाई पळून गेले होते, हेही येथे लक्षात ठेवावे लागते.

कादंबऱ्यांत हे सारे उघड तक्रारीच्या रूपात येत नाही. ते हजेरीच्या बिगुलात, अधिकाऱ्यांच्या घरांच्या ज्येष्ठतेनुसार होणाऱ्या वाटपात, कोर्टमार्शलमध्ये आणि बायकांच्या दुपारच्या गप्पांत येते. त्यांच्या एका कादंबरीत कोर्टमार्शलने दोषी ठरवलेला एक तरुण लेफ्टनंट आहे. रेजिमेंटमधले अधिकारी ड्यूटीपुरते सोडून त्याच्याशी वर्षानुवर्षे एक शब्द बोलत नाहीत. चहूबाजूंनी माळरान, जवळचे गाव दूर, आणि त्या मूठभर घरांत एका माणसाला वाळीत टाकलेले: एवढ्या मांडणीतून किंग छावणीच्या समाजाची सगळी घडण दाखवतात. गोळीबाराच्या प्रसंगांपेक्षा मला हा भाग कितीतरी ताकदीचा वाटतो.

त्यांची मोठी उणीव मूळ रहिवाशांच्या चित्रणात आहे. ज्यांची जमीन जात होती त्या लोकांना त्यांच्या कादंबऱ्यांत बहुधा धोका म्हणूनच जागा मिळते. त्या लोकांच्या छावणीत, त्यांच्या भुकेत आणि त्यांच्या हिशेबात लेखक शिरत नाही. क्रुक यांच्या त्याच वाटचालीत स्लिम ब्यूट्स येथे मूळ रहिवाशांच्या ज्या वस्तीवर हल्ला झाला तिथे बायका-मुलेही होती, आणि क्रुक यांच्या उपाशी सैन्याने तिथलाच सुकवलेल्या मांसाचा साठा खाल्ला. ज्याने उपासमार स्वतः सोसली, त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे मला गैर वाटत नाही. साध्या शिपायांविषयीही त्यांना जिव्हाळा आहे, पण तो अधिकाऱ्याच्या व्हरांड्यातून पाहणाऱ्याचा आहे.

पुढे ते आपल्या कथा एडिसनच्या फोनोग्राफवर बोलून ठेवत आणि दुसरे कोणी त्या टंकलिखित करत असे. त्यामुळे काही पुस्तके घाईची झाली, हे मान्य करावे लागेल. १८९८ मध्ये ते स्वयंसेवक दलाचे ब्रिगेडियर जनरल म्हणून पुन्हा गणवेशात आले, फिलिपिन्समध्ये लढले, त्यानंतर उतारवयापर्यंत विस्कॉन्सिन राज्याच्या नॅशनल गार्ड या राखीव दलाच्या प्रशिक्षणात राहिले आणि मार्च १९३३ मध्ये मिलवॉकीत वारले. ज्यांना किंग वाचायचे असतील त्यांनी आरंभ १८७६ च्या मोहिमेवरील पुस्तकापासून करावा. फिलिपिन्सवरच्या कादंबऱ्या शेवटी वाचल्या तरी चालतील. तिथला प्रदेश त्यांनी पाहिला होता, पण पाचव्या घोडदळातल्यासारखी वर्षे तिथे घालवली नव्हती, आणि पानापानावर तो फरक दिसतो.